घाटावरचं पाणी, खाडीतली कालवं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खानापूर तालुक्यातली. समुद्री परिसंस्थांचा अभ्यास करते आणि माझं काम मुख्यतः मांडवी आणि काळी या दोन नद्यांच्या खाड्यांत चालतं. कालवांचे (ऑयस्टर या शिंपल्यांचे) थर, शिणाण्यांनी भरलेले खडक, आणि संधी मिळेल तेव्हा प्रवाळ, थोडक्यात खडक बांधणारे जीव. बेळगाव, निपाणी, हल्याळ, खानापूर या भागात शाळा-कॉलेजांत, वाचनालयांत, लग्नकार्यातसुद्धा लोक आस्थेने विचारतात, आणि प्रश्न बरेचसे तेच असतात. ते सगळे उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत.

बेळगावला समुद्र नाही. मग इथल्या माणसाने या विषयात पडायचं कारण काय?

कणकुंबी-जांबोटीच्या डोंगरात गेलात की कारण कळतं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे जाते. पुढे कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराला पोचतं. त्याच खानापूर तालुक्यात देगावच्या बाजूला म्हादई उगम पावते, पण ती पश्चिमेला घाट उतरते. गोव्यात तिला मांडवी म्हणतात. उगमापासून सुमारे ८० किलोमीटरवर, पणजीला, ती अरबी समुद्र गाठते. जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावणारी काळी नदी कारवारला सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते.

या नद्यांच्या मुखाशी जे जीव राहतात त्यांचं गोडं पाणी, त्यांच्यावर साचणारा गाळ, पालापाचोळा कुजून तयार होणारं त्यांचं अन्न, हे सगळं आपल्या घाटमाथ्यावरून जातं. भीमगडच्या रानातला पाऊस पणजीच्या पुलाखालून वाहतो. म्हणून खाडीचा अभ्यास घाटमाथ्यापासून सुरू करावा लागतो, असं माझं ठाम मत आहे. सीमाभागातले आपण लोक समुद्रापासून लांब राहत असलो, तरी खाडीच्या वरच्या अंगाला राहतो. वरच्या अंगाला राहणाऱ्यावर खालच्याची जबाबदारी असते, हे शेताच्या पाटाचं पाणी वाटून घेणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

"खडक बांधणारे जीव" म्हणजे नक्की कोण?

पहिलं नाव प्रवाळाचं. प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव अगदी लहान, पिशवीसारखं शरीर आणि तोंडाभोवती स्पर्शिका. तो समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःखाली चुनखडीची बैठक तयार करतो. असे हजारो जीव एकमेकांना जोडलेले असतात. पिढ्यानपिढ्या बैठकीवर बैठक चढत जाते आणि शेवटी तिचा खडक होतो.

आपल्या खाड्यांमध्ये मात्र हे काम प्रामुख्याने कालवं करतात. कालवाची खालची शिंप खोलगट असते आणि ती खडकाला, कांदळाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या, मुळाला किंवा दुसऱ्या कालवाला कायमची चिकटते. त्या कालवावर पुढचं कालव, त्यावर आणखी एक, असं करत थर उंच होतात. ओहोटीला काळी नदीच्या मुखाशी किंवा गोव्यातल्या जुन्या जेट्ट्यांच्या खांबांवर हे थर उघडे पडलेले दिसतात. कारवारसमोरच्या देवगड बेटाजवळच्या खडकांना इंग्रजांच्या नकाशांत कालवांचंच नाव दिलेलं आहे.

शिणाणे, म्हणजे हिरव्या कडांचे मोठे शिंपले, वेगळ्या पद्धतीने राहतात. ते चिकट धाग्यांनी स्वतःला खडकाशी बांधून घेतात. लाटांचा मारा असतो तिथे त्यांची दाटी होते. त्यांच्या फटींमध्ये लहान खेकडे, कोळंबीची पिल्लं, कृमी असे कित्येक जीव आसरा घेतात.

या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. हे जीव स्वतः राहतातच, शिवाय इतरांना राहायला जागा तयार करतात. सपाट चिखलात एखाद्या लहान माशाला लपायला काही नसतं. कालवांच्या थरात शेकडो कपारी असतात. मासळीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

तिसऱ्यासुद्धा यातच येतात का?

नाही. तिसऱ्या, खुबे हे शिंपले वाळूत किंवा चिखलात पुरून राहतात आणि एकमेकांना चिकटत नाहीत. त्या पाणी गाळतात, माणसाचं पोट भरतात, पण खडक बांधत नाहीत.

कालव एकदा चिकटलं की हलत नाही. मग ते नवीन जागी पोचतं कसं?

पाण्यातून. नर आणि मादी पाण्यात बीज सोडतात. कालवांच्या बऱ्याच जातींत लहानपणी नर असलेलं कालव पुढे मादी होतं. त्यातून तयार झालेली पिल्लं, पुस्तकी भाषेत डिंभक, साध्या डोळ्यांना दिसणारही नाहीत इतकी बारीक असतात. दोन-तीन आठवडे ती भरती-ओहोटीबरोबर वाहत राहतात. या काळात बहुतेक पिल्लं माशांच्या आणि इतरांच्या पोटात जातात.

जी उरतात त्यांना एक लहानसा पाय फुटतो. त्या पायाने ती जागा चाचपडतात. कठीण पृष्ठभाग हवा, गाळ नको, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जवळ आपल्याच जातीची कालवं हवीत. जुन्या शिंपल्यांतून पाण्यात उतरणाऱ्या रासायनिक खुणा पिल्लांना ओळखता येतात, हे प्रयोगांतून वारंवार दिसलेलं आहे. जागा पसंत पडली की पिल्लू चिकट द्रव सोडतं, शिंप टेकवतं आणि उरलेलं आयुष्य तिथेच काढतं.

ही निवड चुकली तर दुसरी संधी नसते. म्हणूनच पुढच्या प्रश्नाचं उत्तर मी लांबवणार आहे.

मेलेल्या कालवांचे शिंपले काढून चुना केला तर नुकसान काय? ते तर मेलेलेच असतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो विचारणारी माणसं बरोबर जागी बोट ठेवतात.

शिंपल्यांचा चुना आपल्या जगण्यात फार खोल रुजलेला आहे. भिंतींना रंग, बांधकामाला गिलावा, विड्याच्या पानाला लावायचा चुना, आम्लधर्मी जमिनीत टाकायचा चुना. किनाऱ्यावर शिंपले भट्टीत भाजून चुना करणं हा पिढ्यानपिढ्यांचा धंदा आहे. त्या कारागिरांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. गोव्यातली जुनी घरं आणि चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत त्यात या चुन्याचा वाटा आहे.

पण वर सांगितलं तसं, कालवाच्या पिल्लाला बसायला शिंपलाच हवा असतो. नदीमुखाशी तळ बहुतेक चिखलाचा. त्या चिखलात कठीण जागा म्हणजे जुने शिंपले, आणि तेच काढून नेले तर पुढच्या हंगामातली पिल्लं गाळात पडतात आणि गुदमरतात. जिवंत कालव एकही न उचलता निव्वळ मेलेले शिंपले नेले, तरी काही वर्षांत थर संपतो. वरून बघणाऱ्याला कळतही नाही, कारण जी कालवं आहेत ती अजून जिवंत असतात. नव्या पिढीची जागा गेलेली असते.

जगभरात हेच झालं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात असं दिसलं की, माहिती उपलब्ध असलेल्या किनाऱ्यांवरचे कालवांचे सुमारे ८५ टक्के थर नष्ट झाले आहेत. प्रवाळांची चर्चा सगळीकडे होते, ती व्हायलाच हवी, पण कालवांच्या थरांइतका मोठा ऱ्हास फार थोड्या समुद्री अधिवासांच्या वाट्याला आला आहे. याबद्दल आपल्याकडे किती कमी बोललं जातं, याचं मला मनापासून दुःख होतं.

उपाय अवघड नाही. कालवं खाऊन झाल्यावर उरलेले शिंपले स्वच्छ करून, उन्हात नीट वाळवून, परत त्याच खाडीत टाकायचे. अमेरिकेत आणि युरोपात हॉटेलांमधले शिंपले गोळा करून असे थर पुन्हा उभारले जातात. आपल्याकडे कालवं काढणाऱ्या बायकांकडे हे ज्ञान आधीपासून आहे. मी ज्या बायकांबरोबर ओहोटीला जाते त्यांतल्या वयस्कर बायका मांस तिथेच काढून घेतात आणि शिंपला खडकावर ठेवून येतात. कारण विचारलं तर म्हणतात, जागा मोडायची नसते.

कालवं पाणी साफ करतात म्हणजे काय करतात?

कालव आपल्या कल्ल्यांमधून पाणी ओढतं, त्यातले सूक्ष्म शेवाळाचे कण खातं आणि नको असलेले कण चिकट लगद्यात गुंडाळून बाहेर टाकतं. तो लगदा तळाशी बसतो आणि वरचं पाणी निवळतं. अमेरिकेतल्या एका जातीचं मोठं कालव सगळं अनुकूल असेल तर दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं. आपल्या जाती, आपलं तापमान, आपला गाळ वेगळा, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. काम मात्र तेच. पाणी निवळलं की सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो.

पावसाळ्यात खाडी पूर्ण गोडी होते. तेव्हा हे जीव मरत नाहीत?

काही मरतात. पण गोष्ट गुंतागुंतीची आहे आणि मला या सगळ्या विषयात हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात, नदीचं पाणी आटलेलं असताना, मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो आणि खारं पाणी बरंच वर चढतं. जून ते सप्टेंबरमध्ये उलट होतं. घाटावर पाऊस कोसळला की लाल पाणी खाली येतं, खारं पाणी मुखाकडे रेटलं जातं आणि वरचा भाग पूर्ण गोडा होतो. एवढा मोठा बदल दरवर्षी सहन करणारे जीव जगात फार नाहीत.

कालव हा बदल सहन करतं, कारण ते दार लावून घेऊ शकतं. पाणी फार गोडं झालं की ते शिंपा घट्ट मिटतं, श्वास मंद करतं आणि थांबतं. काही दिवस ते सहज निभावतं. पूर फार लांबला तर दम संपतो आणि मुखापासून आत असलेले थर मरतात.

पण गोडं पाणी आलंच नाही तर काय? मग दुसरं संकट येतं. कालवाचे शत्रू, म्हणजे शिंपेला भोक पाडून आतलं मांस खाणाऱ्या गोगलगाई, शिंप पोखरणारे स्पंज, काही परजीवी, यांना खारं पाणी मानवतं आणि गोडं पाणी सोसत नाही. पावसाळ्याचा पूर त्यांना दरवर्षी झाडून बाहेर काढतो. पूर कमी झाला की ते वर सरकतात आणि ठाण मांडतात.

म्हणजे पूर कालवाला मारतोही आणि राखतोही. तो कधी येतो, किती दिवस टिकतो, किती गाळ आणतो आणि उन्हाळ्यात मागे किती पाणी उरतं यावर थराचं आयुष्य ठरतं. घाटमाथ्यावरची झाडं पावसाचं पाणी जमिनीत मुरवतात आणि नंतर सावकाश सोडतात. झाडं गेली की तेवढाच पाऊस एका दमात, मातीसकट खाली येतो आणि मार्चमध्ये नदी कोरडी पडते. कणकुंबीच्या डोंगरातली झाडी कालवाच्या दृष्टीने इतकी जवळची आहे.

म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्याबद्दल तुमचं मत काय?

मत विचारलंय म्हणून देते, आधी आकडे. म्हादई जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी आलं. त्यातलं ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी, १.५ टीएमसी खोऱ्यातल्याच गरजांसाठी आणि ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवण्यासाठी आहे. वळवण्याच्या पाण्यातलं १.७२ टीएमसी कळसा नाल्याचं आणि २.१८ टीएमसी बंडुरी नाल्याचं. गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी मिळालं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. निवाड्याला राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे.

हुबळी-धारवाडची तहान खरी आहे. मलप्रभेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याचं दुःखही खरं आहे आणि मी त्याला हलकं लेखणार नाही. माझे नातेवाईक दोन्ही बाजूंना आहेत.

पण वादात पाण्याचे जे दावेदार मोजले जातात ते सगळे माणसाचे असतात: पिण्याचं, शेतीचं, विजेचं. नदीमुखाला पोचणारं पाणी "समुद्रात वाया जातं" हे वाक्य मी तिन्ही राज्यांत, सगळ्या पक्षांच्या तोंडून ऐकलेलं आहे. ते चूक आहे. ते पाणी खाडीतल्या मासळीचं आहे, कालवांचं आहे, खाजण शेतीचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांचं, आहे, कांदळवनाचं आहे, आणि त्यावर पोट असलेल्या हजारो घरांचं आहे.

दुसरं म्हणजे वर्षाच्या एकूण आकड्यावर भांडून खाडीला न्याय मिळत नाही. जुलैमधलं एक टीएमसी आणि एप्रिलमधलं एक टीएमसी खाडीच्या दृष्टीने सारखं नाही. जुलैचं पाणी महापुरातला एक हिस्सा असतं. एप्रिलमधलं तेवढंच पाणी खारेपणाची सीमा कित्येक किलोमीटर खाली ढकलू शकतं. कुठलाही प्रकल्प होवो, महिन्यागणिक किती पाणी मुखाला पोचलंच पाहिजे हे आधी ठरवावं आणि ते मोजणारी यंत्रणा तिन्ही राज्यांना उघड असावी, एवढी माझी मागणी आहे. आणि जंगल तोडून पाण्याचा कालवा खणणं मला मान्य नाही, कारण जे पाणी वळवायचं ते त्या जंगलामुळेच उन्हाळ्यापर्यंत टिकतं.

काळी नदीवर धरणं होऊन बरीच वर्षं झाली. तिथे काय दिसतं?

काळीवर सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणांची रांग आहे. सुप्याच्या जलाशयात जुनं सुपा गाव बुडालं, हे आपल्याकडे अजून विसरलेलं नाही.

वीजनिर्मितीची धरणं पावसाळ्यातलं पाणी अडवतात आणि वर्षभर थोडं थोडं सोडतात. त्यामुळे पुराची धार बोथट होते आणि उन्हाळ्यात, जेव्हा खाडी खारी व्हायला हवी, तेव्हा गोडं पाणी येत राहतं. शिवाय वरून येणारी वाळू आणि गाळ धरणात अडकतो. म्हणजे म्हादईच्या बाबतीत भीती पाणी कमी पडण्याची आहे, तर काळीत ते अवेळी येतं. दोन्हीकडे कालवांच्या थरांची जागा सरकते, पण वेगवेगळ्या दिशांना. ही तुलना करता येते म्हणूनच मी या दोन खाड्या निवडल्या.

धरण नसलेल्या नदीची खाडी कशी असते ते बघायचं असेल तर कुमठ्याजवळच्या अघनाशिनीला जा. तिथे तिसऱ्या आणि कालवं काढण्यावर किती गावं जगतात ते डोळ्यांनी दिसतं. जानेवारी २०२४ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

आपल्या बाजूच्या समुद्रात प्रवाळ आहेत का? की ते फक्त अंदमानला?

आहेत. भारतातले मोठे प्रवाळ अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात इथे आहेत हे बरोबर. आपल्या किनाऱ्याला ते तुकड्या-तुकड्यांनी आहेत. पावसाळ्यात येणारं गोडं, गढूळ पाणी प्रवाळाला सोसत नाही. कालवासारखं दार त्याला नसतं. तरीही मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत आणि १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळ आहेत, मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाभोवती आहेत.

आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे पाण्याखालचं पठार. त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे २० मीटर खाली आहे. किनाऱ्याचं गढूळ पाणी तिथवर पोचत नाही, त्यामुळे तिथलं प्रवाळ आपल्या किनाऱ्यालगतच्या प्रवाळापेक्षा कितीतरी समृद्ध आहे. मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशी ही जागा आहे आणि तिला कायद्याचं भक्कम संरक्षण मिळावं असं मला वाटतं.

अंगठीतलं पोवळं यातलंच का?

नाही. दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणच्या वेगळ्या जातीचं असतं. ते खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढतं आणि खडक बांधत नाही. खडक बांधणारं प्रवाळ मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत. मालवणच्या किंवा कारवारच्या किनाऱ्यावर मिळालेला तुकडासुद्धा घरी आणू नका आणि दुकानात दिसला तर विकत घेऊ नका.

प्रवाळ "पांढरं पडतं" म्हणजे मरतं का?

लगेच नाही. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाचा रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जरी जास्त तापलं आणि ते काही आठवडे तसंच राहिलं, तरी ही भागीदारी तुटते. शैवाल बाहेर फेकलं जातं आणि आतली पांढरी चुनखडी दिसू लागते. पाणी लवकर थंड झालं तर प्रवाळ सावरतं, नाहीतर उपासमारीने मरतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ ला हे मोठ्या प्रमाणावर झालं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातला चौथा व्यापक प्रसंग जाहीर केला. दोन तडाख्यांमधलं अंतर कमी होत चाललंय, ही खरी काळजीची बाब आहे.

समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्यामुळे पाण्याची आम्लता वाढते आणि पाण्यातलं कार्बोनेट कमी होतं. त्याचा फटका प्रवाळ आणि कालव दोघांनाही बसतो. कालवाच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला पहिली शिंप घडवताना तो सगळ्यात जास्त जाणवतो.

वाळूची घरं बांधणारे किडे असतात असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे. हे समुद्री कृमी वाळूचा एकेक कण निवडतात आणि शरीरातून निघणाऱ्या प्रथिनाच्या डिंकाने जोडून नळी बनवतात. हजारो नळ्या एकमेकींना लागून पोळ्यासारखा खडक तयार होतो. फ्रान्समध्ये मों सां मिशेलच्या उपसागरात अशा कृमींनी बांधलेला युरोपातला सगळ्यात मोठा खडक आहे. या कुळातल्या कृमींची आपल्याकडेही नोंद आहे. त्यांचा डिंक पाण्याखालीही घट्ट बसतो, म्हणून हाडं जोडण्यासाठी आणि शस्त्रक्रियेसाठी तसा पदार्थ बनवण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत. ओहोटीला किनाऱ्यावर वाळूचा सच्छिद्र, कडक गोळा दिसला तर त्यावर पाय देऊ नका.

बेळगावच्या बाजारात मिळणारी कालवं, शिणाणे खायला चांगली का?

ताजी आणि नीट शिजवलेली असतील तर हो. जिवंत शिंपला टकटक केल्यावर मिटतो. जो मिटत नाही तो टाकून द्या. घाट चढून येईपर्यंत बराच वेळ गेलेला असतो, म्हणून बर्फात आलेला माल घ्या. कच्चं कालव खाऊ नका, कारण पाणी गाळणारा जीव पाण्यातले जंतूही साठवतो.

एक गोष्ट शिजवूनही जात नाही, ती म्हणजे काही सूक्ष्म शैवालांचं विष. १९८३ मध्ये मंगळूरच्या परिसरात शिंपले खाऊन विषबाधा झाली होती आणि एक मुलगा दगावला होता. खाडीचं पाणी विचित्र रंगाचं झालंय, मासे मरून वर आलेत, अशी बातमी असेल तर त्या भागातले शिंपले काही आठवडे टाळा. शिंपले खाल्ल्यावर ओठ किंवा बोटं बधिर झाली तर ताबडतोब दवाखाना गाठा.

किनाऱ्याला दगडी बंधारा घातला तरी त्यावर कालवं येतातच ना?

येतात. पण दगड झिजतो, ढासळतो, कालवांचा थर मात्र वाढतो. तो लाटेचा जोर कमी करतो आणि वादळात मोडला तर स्वतःच भरून निघतो. त्याला फक्त चांगलं पाणी आणि बसायला जागा लागते. जिथे थर अजून जिवंत आहे तिथे त्यावर दगड टाकणं हा पैशाचाही अपव्यय आहे.

तुम्ही मोजता काय, आणि कशाने?

उधाणाची ओहोटी, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची, हीच कामाची वेळ. गोवा-कारवारकडे तेव्हा भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक असतो आणि थर पूर्ण उघडे पडतात. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी पुरेसं उतरत नाही.

थरावर दोरी अंथरायची, ठरावीक अंतरावर लाकडी चौकट ठेवायची, चौकटीतली जिवंत आणि मेलेली कालवं मोजायची, लांबी मोजायची, सोबतचे जीव नोंदवायचे. पाण्याचा खारेपणा, तापमान, गढूळपणा मोजायचा. स्वच्छ शिंपले तारेत ओवून पाण्यात सोडायचे आणि त्यावर किती पिल्लं बसली ते ठरावीक काळाने बघायचं. माझ्या मते हे शेवटचं मोजमाप सगळ्यात महत्त्वाचं, कारण थराला पुढची पिढी आहे की नाही ते यातूनच कळतं. हातमोजे आणि जाड तळाची चप्पल विसरली तर पाय कापून निघतात.

यंत्रांइतकंच महत्त्व कालवं काढणाऱ्या बायकांच्या सांगण्याला आहे. कुठला थर कधीपासून विरळ झाला, कुठे गाळ चढला, हे त्यांना माहीत असतं आणि ते कुठल्याही कागदावर नाही.

मुलांना हा विषय शिकायचा असेल तर जवळ कुठे सोय आहे?

बेळगावात प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी करता येते. पुढे कारवारला कोडीबागेत कर्नाटक विद्यापीठाचा समुद्री जीवशास्त्र विभाग आहे. गोवा विद्यापीठातही समुद्रविज्ञान शिकवतात. दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करते आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचं केंद्रही कारवारला आहे.

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते, हे मला ठाऊक आहे. सुरुवातीचं वर्ष जड जातं. पण कोकणी आणि मराठी बोलता येणारा विद्यार्थी किनाऱ्यावरच्या माणसांशी थेट बोलू शकतो, आणि कन्नडही येत असेल तर कारवार-कुमठ्यापर्यंत त्याला कुठेच दुभाषा लागत नाही. सीमाभागातल्या मुलांकडे या तिन्ही भाषा असतात. या क्षेत्रात ती फार मोठी जमेची बाजू आहे.

शाळेची सहल न्यायची आहे. कुठे आणि कधी न्यावी?

दोन टप्प्यांत न्या. पहिला टप्पा कणकुंबी: मलप्रभेचा उगम दाखवा आणि त्याच डोंगरातलं पाणी पश्चिमेला कसं उतरतं ते नकाशावर समजावून सांगा. पावसाळा नुकता संपला की, ऑक्टोबरमध्ये. दुसरा टप्पा कारवार: काळीच्या मुखाशी कांदळवनातून लाकडी पायवाट केलेली आहे, तिथून मुलांना मुळांवरची कालवं सुरक्षितपणे बघता येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरचे एक-दोन दिवस निवडा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा आणि ओहोटीच्या तासभर आधी पोचा. जून-जुलैमध्ये समुद्रावर मुलांना नेऊ नका. शिंपले, प्रवाळ, जिवंत खेकडे काहीही बरोबर आणायचं नाही, हे बसमध्ये बसतानाच सांगा. वह्या, पेन्सिली आणि प्रत्येकाला जाड तळाची चप्पल हवीच.